एमडी मेडिसिननंतर ऱ्हुमॅटॉलॉजी: डीएम, फेलोशिप आणि कोकणातली प्रॅक्टिस

कुडाळकडच्या एका फिजिशियनने विचारलं आहे: एमडी मेडिसिन होऊन चार वर्षं झाली, वय चौतीस, नोकरी सरकारी रुग्णालयात, आईवडील गावी. ओपीडीत सांधेदुखीचे पेशंट रोज येतात आणि त्यातल्या निम्म्यांना नेमकं काय झालंय ते ठरवता येत नाही. ऱ्हुमॅटॉलॉजीत, म्हणजे सांधे आणि स्वप्रतिकारक आजारांच्या शाखेत, नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं डीएम करावं, की वर्षभराची फेलोशिप करून लवकर परतावं? आणि परत आल्यावर सिंधुदुर्गात या विषयावर पोट भरेल का?

घरचं जमत असेल तर डीएम करा. नॅशनल बोर्डाचं डॉक्टरेट, म्हणजे डीआरएनबी मिळालं तरी तेवढंच चांगलं. दोन्हींची मुदत तीन वर्षं आणि दोन्हींचा प्रवेश नीट-एसएसमधूनच. फेलोशिप वाईट असते असं मी म्हणणार नाही, पण ती सुपरस्पेशालिटीची पदवी नव्हे, आणि ती केल्यावर पाटीवर ‘ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट’ लिहिणं योग्य नाही. पाटीचा मुद्दा मात्र मला दुय्यम वाटतो. खरा फरक पडतो तो वेळेचा.

आमच्या आजारांची चाल संथ असते. आमवातावरचं (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवरचं) मेथोट्रेक्सेट सुरू केलं की परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे जातात. पेशंट तीन महिन्यांनी येतो. म्हणजे वर्षभराच्या फेलोशिपमध्ये एकच पेशंट तुम्हाला फार तर चारदा दिसणार, तेही तुमची ओपीडी आणि त्याची तारीख जुळली तर. ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारात, मूत्रपिंड धरलं गेलं तर त्याचा उपचारच किमान तीन वर्षं चालतो. पहिल्या सहा महिन्यांचं जोरदार औषध कोणीही प्रोटोकॉल वाचून देईल. त्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांत लघवीतलं प्रोटीन किंचित वाढलं, मुलीचं लग्न ठरलं, तिने परस्पर गोळ्या सोडल्या, मग ती गरोदर राहिली, अशा वेळी काय करायचं ते शिकायला तीच मुलगी तुमच्यासमोर तीन वर्षं यावी लागते. वर्षभरात औषधांची नावं आणि डोस येतात. आपण काल दिलेल्या निर्णयाचं पुढे काय झालं, ते बघायला मिळत नाही. आणि या विषयात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे.

म्हणून जागा निवडताना संस्थेच्या नावाआधी एक चौकशी करा. तिथे निवासी डॉक्टरचे स्वतःचे पेशंट असतात का? म्हणजे पहिल्या वर्षी ज्याचा केसपेपर तुम्ही लिहिलात, तो तिसऱ्या वर्षीही तुमच्याच टेबलाशी येतो का, की ज्याला जो मिळेल तो असा कारभार आहे? हे प्रॉस्पेक्टसमध्ये सापडत नाही, तिथल्या सीनियर रेसिडेंटला फोन करून विचारावं लागतं. दुसरी चौकशी प्रयोगशाळेची. या विषयातला देशातला पहिला डीएम अभ्यासक्रम लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत सुरू झाला. तिथल्या परंपरेत क्लिनिकल इम्युनॉलॉजी आणि ऱ्हुमॅटॉलॉजी हे एकच अंग आहे, निवासी डॉक्टरला लॅबमध्येही बसावं लागतं. एएनएची (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या तपासणीची) स्लाइड स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला डॉक्टर पुढे आयुष्यभर ‘एएनए पॉझिटिव्ह’ एवढ्या दोन शब्दांना घाबरत नाही. वेल्लोर, चंदीगड, दिल्लीचं एम्स, पुदुच्चेरीचं जिपमेर, हैदराबादचं निम्स ही नावं तुम्हाला माहीत आहेतच. या सगळ्या ठिकाणी गर्दी आहे, आणि गर्दी हवीच. पण दिवसाला दोनशे पेशंट बघून कोणाचंच पुढे काय झालं ते कळत नसेल तर त्या गर्दीचा उपयोग नाही.

सोनोग्राफी आणि सांध्यातलं पाणी काढणं या दोन गोष्टी हाताला बसल्याशिवाय परत येऊ नका. इतर ठिकाणी ही कामं रेडिओलॉजिस्ट आणि ऑर्थोपेडिक सर्जनकडे ढकलता येतात. कणकवलीत किंवा राजापुरात ढकलणार कोणाकडे? गुडघ्यातून काढलेल्या पाण्याचा एक थेंब ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि सुईसारखे युरेटचे स्फटिक दिसले की गाउटचं (युरिक अ‍ॅसिडच्या स्फटिकांमुळे होणाऱ्या सांधेदाहाचं) निदान तिथल्या तिथे होतं, मुंबईला नमुना पाठवावा लागत नाही. आपल्याकडे गाउट आहे, आणि त्याचं निदान रक्तातल्या युरिक अ‍ॅसिडवर होतं हा गैरसमजही भरपूर आहे. ऐन झटक्यात युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं. उलट सांधा कधीच न सुजलेल्या माणसाचं सात-आठ आलं म्हणून त्याला बांगडा, तारली, तिसऱ्या सगळं बंद करायला सांगितलेलं असतं. तो बिचारा दोन महिने वरण-भातावर काढतो आणि संध्याकाळची दारू चालूच ठेवतो, कारण तिच्याबद्दल कोणी विचारलेलंच नसतं.

आता कोकणाबद्दल. मोठ्या संस्थेत तुम्हाला आमवात, ल्युपस, स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होणं), व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांचा दाह) उत्तम शिकवतील. पण तिथे येणारा पेशंट चार डॉक्टर फिरून, तापाची सगळी कारणं वगळून आलेला असतो. आपल्याकडे तो पहिल्यांदा आपल्याकडेच येतो, तोही पावसाळ्यात. हा फरक लक्षात ठेवून शिकलात तरच शिकलेलं इथे चालेल.

चिकुनगुनियाचंच बघा. हाताच्या बोटांचे लहान सांधे, मनगटं, घोटे, दोन्ही बाजूंना सारखी सूज. सकाळी तासभर आखडलेलं अंग. ‘सकाळी उठलंय की मूठच वळणा नाय’ हे वाक्य आमवाताची बाई जसं सांगते तसंच चिकुनगुनियाची बाई सांगते. आमवाताचे २०१० चे वर्गीकरणाचे निकष काढून गुण मोजा. लहान सांध्यांसह दहापेक्षा जास्त सांधे धरले गेले तर पाच गुण, रक्तातला दाह दाखवणारा सीआरपी किंवा ईएसआर वाढलेला असला तर एक, सहा आठवडे पूर्ण झाले की आणखी एक. सात झाले, आणि लागतात सहा. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर ही रक्तातली अँटिबॉडी न तपासताच बाईला आमवात ‘झाला’. पण त्याच निकषांच्या तोंडाशी एक अट आहे, जी पाठ करताना आपण गाळतो: सांध्याची सूज दुसऱ्या कुठल्या आजाराने नीट समजावता येत नसेल तरच गुण मोजायचे. वाडीतल्या दहा घरांत त्याच पंधरवड्यात ताप येऊन गेला होता का, हा प्रश्न कुठल्याही अँटिबॉडीपेक्षा स्वस्त आहे. २००६ च्या मोठ्या साथीनंतर आयुष्यभराच्या आमवाताचं लेबल लागलेले पेशंट पुढे कितीतरी वर्षं माझ्याकडे येत होते. त्यातल्या बऱ्याच जणांची औषधं हळूहळू बंद करता आली. काहींचा सांधेदाह मात्र खरंच टिकून राहिला आणि त्यांना मेथोट्रेक्सेट लागलं. कोण कुठल्या गटात जाणार हे पहिल्या भेटीत सांगता येत नाही, तीन महिने बघावं लागतं. यातही परत वेळच.

लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप) उलटं आहे. तिथे थांबून चालत नाही. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभा राहिलेला माणूस ताप, पोटऱ्या धरवत नाहीत इतकी दुखणारी, डोळे लाल आणि सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारं एन्झाइम) वाढलेलं घेऊन येतो. नवा शिकलेला डॉक्टर सीपीके बघून मायोसायटिसच्या (स्नायूंच्या दाहाच्या) मागे लागतो. मायोसायटिसमध्ये दुखणं कमी आणि दुबळेपणा जास्त असतो. माणसाला जमिनीवरून उठता येत नाही, पाटावर बसला तर हात टेकून उठतो, आणि हे सगळं आठवडे-महिने घेऊन वाढतं. लेप्टोत चार दिवसांत मूत्रपिंड आणि यकृत जाऊ शकतं. अशा माणसाला स्टेरॉइडचा मोठा डोस देऊन तपासण्यांची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, अँटिबायोटिक संशयावरच सुरू करावं. दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला २०१६ पासून माकडतापाची भर पडली आहे. तोही अंगदुखीनेच सुरू होतो. स्क्रब टायफसची (बारीक किड्याच्या चाव्यातून येणाऱ्या तापाची) बारकी काळी खपली काखेत किंवा कमरपट्ट्याखाली लपलेली असते, कपडे काढून बघितल्याशिवाय दिसत नाही.

रायगड-पालघरच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी डोक्यात ठेवाव्या. कुष्ठरोगाच्या रिअ‍ॅक्शनमध्ये ताप, अंगावर दुखऱ्या गाठी आणि सुजलेले सांधे एकत्र येतात, वर ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि कधी एएनएसुद्धा पॉझिटिव्ह निघतं. ल्युपस किंवा व्हॅस्क्युलायटिस म्हणून याला महिनोन् महिने उपचार झालेले मी पाहिले आहेत. कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटाने चाचपायला अर्धं मिनिट लागतं. ती दोरीसारखी जाड लागली तर सगळा केसपेपर नव्याने लिहायचा. दुसरी गोष्ट सिकलसेल, आदिवासी पाड्यांवरच्या मुलांमध्ये. हातापायाची सुजलेली बोटं किंवा तरुण वयात रक्तपुरवठा तुटून खराब झालेला खुबा घेऊन आलेल्या पोराचा सिकलसेल तपासण्याआधी एचएलए-बी२७ (मणक्याच्या संधिवातासाठीची जनुकीय तपासणी) पाठवू नये.

आणि टीबी. तो आपल्या विषयाच्या प्रत्येक दारात उभा आहे. मणक्याचा टीबी स्पाँडिलायटिससारखा (मणक्याच्या संधिवातासारखा) दिसतो, फुप्फुसात टीबी असताना सांधे नुसते प्रतिक्रियेने सुजू शकतात, आणि प्रतिकारशक्ती दाबणारं बायॉलॉजिकल इंजेक्शन दिलं की झोपलेला टीबी उठतो. बायॉलॉजिकल किंवा त्याच कामाची टोफासिटिनिब ही गोळी सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि झोपलेला टीबी शोधणारी मँटू किंवा आयजीआरए तपासणी हे भारतात कुठल्याही चांगल्या विभागात अंगवळणी पडतं. परदेशातल्या ऑनलाइन अभ्यासक्रमात ते एका परिच्छेदात उरकतं. युलारचे (युरोपातल्या ऱ्हुमॅटॉलॉजी संघटनेचे) ऑनलाइन कोर्स मी तरीही सुचवीन, मांडणी फार नीट असते. पण ते पूरक वाचन म्हणून करा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजांची स्पेशालिटी परीक्षाही आता आपल्याकडचे डॉक्टर देतात. अभ्यासाला शिस्त लागते, भारतात पदवी म्हणून तिचा उपयोग नाही.

पुड्यांबद्दल थोडं लिहितेच, कारण हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. आठवडी बाजारातली किंवा कुणा ‘वातावर औषध देणाऱ्या’ माणसाकडची पुडी खाऊन दोन दिवसांत सांधे मोकळे झाले की त्यात स्टेरॉइड आहे असं समजा. १९४८-४९ मध्ये फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमवाताच्या रुग्णांना कॉर्टिझोन दिलं तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. १९५० चं नोबेल त्या कामासाठी मिळालं. पुडीवाल्याचा पेशंट नेमकं तेच अनुभवतो, म्हणून त्याची श्रद्धा पक्की असते. तुम्ही रागावून पुडी एका दिवसात बंद केलीत तर त्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपलेल्या असल्याने तो उलट्या आणि कमी रक्तदाब घेऊन कॅज्युअल्टीत येईल, आणि गावात बोलबाला होईल की डॉक्टरच्या औषधाने माणूस जायला आला. चेहरा गोल, कातडी पातळ, हातावर निळे डाग दिसले की मोजका प्रेडनिसोलोन स्वतः लिहून द्या, पुडी बंद करा, मग काही महिन्यांत तो डोस उतरवत न्या.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे, पण चिठ्ठी मुंबईला मुलाकडे जाते, मुलगा तिथून महिन्याच्या गोळ्या एस.टी.ने किंवा येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो, आणि घरी म्हातारी त्या बीपीच्या गोळीसारख्या रोज घेते. तोंड सोलवटलेलं आणि पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या, असा पेशंट प्रत्येक ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने पाहिलेला असतो. चिठ्ठीवर वार लिहा, मराठीत, मोठ्या अक्षरात: ‘फक्त रविवारी’. फॉलिक अ‍ॅसिडचा वार वेगळा लिहा. एका वेळी एक महिन्यापेक्षा जास्त गोळ्या देऊ नका, निदान पहिले सहा महिने. लावणीच्या वेळी मेथोट्रेक्सेटवरची बाई विचारणारच, ‘शेतात जाव काय नको?’ जाऊ नका असं सांगून उपयोग नाही, कारण ती जाणार आहे. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका आणि ताप आला तर त्या आठवड्याची गोळी न घेता थेट इकडे या, एवढं सांगितलं तर ती पाळते.

पोट भरेल का, याचा हिशोब मांडून बघू. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. कॉपकॉर्ड नावाच्या, जागतिक आरोग्य संघटनेचा हात असलेल्या उपक्रमाचा तो भाग होता. तिथे प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघालं. एका गावाचा आकडा सगळीकडे लावू नये हे खरं, पण अंदाजाला तो पुरतो. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती. त्यातले प्रौढ धरले तर नुसत्या आमवाताचे अडीच-तीन हजार पेशंट एका जिल्ह्यात निघतात. स्पाँडिलायटिस, ल्युपस, सोरायसिसचा सांधेदाह, गाउट वेगळे. ही माणसं आज बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), कोल्हापूरला किंवा मुंबईला जातात, एकदा-दोनदा जातात, आणि मग प्रवासाचा खर्च परवडत नाही म्हणून दुखेल तेव्हा मेडिकलमधून गोळी घेतात.

पैशाच्या बाबतीत स्वच्छ सांगते. हा कार्डिओलॉजीसारखा प्रोसिजरचा विषय नाही, कॅथलॅब नाही, स्टेंट नाही. कमाई बोलण्याची आणि तपासण्याची. पहिली दोन वर्षं जनरल मेडिसिन चालू ठेवा आणि आठवड्यातले दोन दिवस फक्त सांध्यांचे ठेवा. खर्चही त्या मानाने कमी: चांगला सूक्ष्मदर्शक, सोनोग्राफी मशीन, एक शिकवलेली नर्स. सोनोग्राफी मशीन म्हटलं की पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची) नोंदणी आली, सांध्यासाठी असलं तरी. त्यात हयगय नको. गणपतीत आणि शिमग्यात तुमची ओपीडी दुप्पट होईल, कारण चाकरमानी मुलगे घरी आले की आईला डॉक्टरकडे नेतात. त्या आठवड्यात नवे पेशंट नीट लिहून घ्या, आणि फोन नंबर आईचा आणि मुलाचा असे दोन्ही घ्या. पुढची तारीख मुलाला सांगितली तर पाळली जाते असा माझा अनुभव आहे.

ओरोसला, रत्नागिरीला, अलिबागला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. डेरवणला खासगी महाविद्यालय आधीपासून आहे. डीएम होऊन आलात तर यांपैकी एखाद्या ठिकाणी शिकवण्याचं कामही विचारात घ्या. युलारच्या शिफारशीप्रमाणे सांधा सुजल्यापासून सहा आठवड्यांत पेशंट तज्ज्ञाकडे पोचावा आणि तीन महिन्यांच्या आत मूळ आजारावरचं औषध सुरू व्हावं. आपल्याकडे हे तेव्हाच होईल जेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रातला एमबीबीएस डॉक्टर हाताची बोटं दाबून बघेल आणि ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून पेशंटला परत पाठवणार नाही. ते शिकवायला जिल्ह्यात कोणीतरी बसलेलं लागतं.

चौतिसाव्या वर्षी पुन्हा रेसिडेंट होण्याचा संकोच मनातून काढून टाका. या विषयात येणारे बरेच जण मधे नोकरी करून आलेले असतात, आणि चार वर्षं कुडाळच्या ओपीडीत ताप बघितलेल्या माणसाला वॉर्डात जो फायदा मिळतो तो ताज्या एमडीला नसतो. मात्र दोन कागद आधी तपासा. सरकारी नोकरीतून अभ्यास रजा मिळते का आणि परतल्यावर किती वर्षांची हमी द्यावी लागते ते तुमच्या उपसंचालक कार्यालयात विचारा. ज्या राज्यातली जागा घ्याल तिथला सुपरस्पेशालिटीचा बाँड किती वर्षांचा आणि सोडल्यास दंड किती, हे समुपदेशनाच्या फेरीत पर्याय भरण्याआधी वाचा. काही राज्यांत दंडाची रक्कम कुटुंबाला हादरवण्याइतकी असते.

परीक्षेपर्यंतचे महिने वाया घालवू नका. नीट-एसएसला मेडिसिनच्या गटाचा एकच पेपर असतो, त्यात हृदयापासून हार्मोनपर्यंत सगळं येतं, त्यामुळे नुसती ऱ्हुमॅटॉलॉजी वाचून रँक येणार नाही. पण तुमच्या ओपीडीत एक वही ठेवा: सूज किती सांध्यांना, सकाळचा आखडलेपणा किती वेळ, ताप कधी, पुढच्या भेटीला काय झालं. जमलं तर दोन-तीन आठवडे एखाद्या विभागात नुसतं बघायला जा. विभागप्रमुखांना साधं पत्र लिहिलं तर बहुतेक जण हो म्हणतात. पावसाळ्यात तुम्हाला रजा मिळणार नाही, तेव्हा दिवाळीनंतरचे आठवडे मागा, आणि जाताना ती वही बरोबर घेऊन जा.